मुलाचं कॅनडाचं पीआर कार्ड रिन्यू करायचंय? मुंबईचं तिकीट काढायच्या आधी हे बघा

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण बहुतेकांना ती फार उशिरा कळते. कॅनडाचं पीआर कार्ड, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवानगीचं (परमनंट रेसिडेन्सीचं) कार्ड, मुंबईतून रिन्यू होत नाही. मोठ्यांचंही नाही आणि लहान मुलांचंही नाही. अर्ज करताना माणूस कॅनडात असावा लागतो, आणि तयार झालेलं कार्ड ते कॅनडाबाहेरच्या पत्त्यावर पाठवतच नाहीत, त्यामुळे "आता दोन महिने आजीकडे आलोच आहोत तर इथूनच करून टाकू" हा बेत मुळातच चालत नाही. दादर, मुलुंड, डोंबिवली, बोरिवलीतून मुलं-नातवंडं टोरांटोकडे, ब्रॅम्प्टनकडे गेलेली इतकी घरं आहेत आणि दर मे महिन्यात, दर डिसेंबरात कुणाचा ना कुणाचा फोन येतोच की अगं पिल्लूच्या कार्डची तारीख उलटून गेलीय, आता परत कसं जायचं. माझी सख्खी बहीण तिकडे आहे, तिच्या दोन्ही मुलांचे कागद मी इथून गोळा करून दिलेत, नंतर सोसायटीतल्या आणि नात्यातल्या बऱ्याच जणांना मदत केली, म्हणून जे नक्की माहितीये ते एकत्र लिहून ठेवतेय.

मूल कॅनडातच जन्मलं असेल तर ते बहुतेक वेळा जन्मानेच नागरिक असतं, त्याला हे कार्ड लागतच नाही, तुमचा प्रश्न तिथेच मिटला. हे सगळं आहे ते भारतात जन्मलेल्या आणि आईबाबांबरोबर पीआर घेऊन गेलेल्या मुलांसाठी. आणि अजून एक, आईबाबा पीआर झाल्यावर भारतात बाळंतपण झालं तर ते बाळ आपोआप पीआर होत नाही हं, त्याला वेगळं स्पॉन्सर करावं लागतं. तो पूर्ण निराळा विषय आहे, इथे नको.

मुलांचं कार्ड विसरलं का जातं? तर आईबाबांची कार्डं पाकिटात असतात, बँकेत, लायसन्सच्या वेळी कुठे ना कुठे काढावी लागतात. मुलाचं कार्ड मात्र पासपोर्टच्या कव्हरमध्ये जाऊन बसतं ते थेट पुढच्या प्रवासालाच बाहेर येतं. कार्डची मुदत साधारण ५ वर्षं, आणि गंमत बघा, लहान मुलाचा भारतीय पासपोर्टही ५ वर्षांचाच असतो, म्हणजे दोन्ही गोष्टी बऱ्याचदा आगेमागे संपतात आणि सगळं लक्ष पासपोर्टकडे जातं. तेव्हा तिकीट बुक करायच्या आधी, ऑफर कितीही चांगली दिसली तरी, घरातल्या प्रत्येकाचं कार्ड टेबलावर काढा आणि परतीच्या तारखेशी ताडून बघा. जायच्या तारखेशी नाही, परतीच्या. मुंबईहून परत जाताना चेक-इन काउंटरवरचा माणूस मुलाचंही कार्ड मागतो, उलटंसुलटं करून तारीख वाचतो, आणि ती संपलेली असेल तर बोर्डिंग पास देत नाही. त्यात त्याचा काही दोष नाही, पीआर असलेल्या माणसाला विमानात बसवायचं तर चालू कार्ड किंवा प्रवासाचं पीआर डॉक्युमेंट बघणं एअरलाइनला बंधनकारकच आहे. रात्री दोनच्या फ्लाइटला बॅगा, झोपलेलं पोर आणि रडकुंडीला आलेली आई, हे टाळता येण्यासारखं असतं.

आता जी गोष्ट कळली की निम्मी भीती जाते ती सांगते. कार्डची तारीख संपली म्हणजे पीआर गेलं असं नाही. कार्ड हा फक्त पुरावा आहे, स्टेटस वेगळं. स्टेटस जायला सरकारकडून तसा रीतसर निर्णय व्हावा लागतो, किंवा तुम्ही स्वतः लिहून सोडून द्यावं लागतं, किंवा मूल नागरिक झालं की. त्यामुळे तारीख उलटलेली दिसली की लगेच "संपलं सगळं" असं आजीआजोबांच्या समोर बोलू नका, त्यांना रात्रभर झोप लागत नाही. पण उलट बाजूही आहे, कार्डवर अजून दोन वर्षं शिल्लक दिसतायत म्हणून सगळं ठीक आहे असंही नाही. खरा हिशोब दिवसांचा आहे.

तो हिशोब असा. मागच्या ५ वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात. सलग नकोत, तुकड्यातुकड्यात चालतात. आणि हे मुलाला त्याचं स्वतःचं लागू होतं! इथेच मुंबईतली घरं अडकतात. आईबाबा दोघंही नोकरीला, तिकडे डे-केअर महाग, बाळ सहा महिन्यांसाठी म्हणून आजीकडे ठेवलं, मग ते रुळलं, मग बालवाडी चालू झाली, मग आजी म्हणाली आता पहिलीपर्यंत राहू दे की. आईबाबांचे दिवस तिकडे व्यवस्थित भरत असतात, मुलाचे मात्र भरत नसतात, आणि आपण पीआर आहोत म्हणून मूलही सुरक्षित आहे असं घरात सगळ्यांना वाटत राहतं. तसं नाहीये.

५ वर्षांचे ढोबळमानाने १,८२५ दिवस, त्यातून ७३० वजा केले की १,०९५ उरतात, म्हणजे जास्तीत जास्त एवढे दिवस बाहेर राहिलेलं चालतं. पण हे पाच वर्षांचं माप एका जागी उभं नसतं, ते रोज एक दिवस पुढे सरकतं. समजा मूल पीआर म्हणून कॅनडात उतरल्यावर पहिली दोन वर्षं तिकडे राहिलं आणि मग सलग तीन वर्षं मुंबईत. पाच वर्षं पूर्ण होतात त्या दिवशी आकडा अगदी काठावर असतो, आणि त्यानंतर मुंबईत काढलेला एकेक दिवस मागचा कॅनडातला एकेक दिवस मोजणीतून बाहेर ढकलतो. म्हणून "अजून एक महिना राहू दे, काय फरक पडतो" याला काठावरच्या मुलाच्या बाबतीत खूप फरक पडतो. मुलाला पीआर होऊन ५ वर्षं झालीच नसतील तर ते बघतात की पहिल्या पाच वर्षांत ७३० भरणं अजून शक्य आहे का. तिथे श्वास घ्यायला जागा असते, पण ती उरलेल्या दिवसांनुसार कमी कमी होत जाते.

सवलती आहेत, त्या नीट समजून घ्या. मूल ज्या आई किंवा बाबांबरोबर कॅनडाबाहेर राहतंय ते पालक कॅनडाचे नागरिक असतील तर ते दिवस मुलाच्या खात्यात धरले जातात. पालक पीआर असून कॅनेडियन कंपनीने किंवा तिथल्या सरकारने त्यांना फुलटाइम कामासाठी बाहेर पाठवलं असेल आणि मूल त्यांच्याबरोबर असेल तरी धरले जातात. मूल म्हणजे इथे २२ वर्षांखालचं, लग्न न झालेलं. पण शब्द 'बरोबर' हा आहे. बाबा नागरिक झालेत आणि टोरांटोत आहेत, मूल आजीबरोबर ठाण्यात आहे, तर ते दिवस यात बसत नाहीत. आणि बाबा तिकडच्या कंपनीचं काम मुंबईतून लॅपटॉपवर करतायत यालाही कंपनीने पाठवलं असं म्हणत नाहीत, इमिग्रेशन ऑफिस त्यात खोलात शिरतं.

म्हणून अर्जाची सुरुवात फॉर्मपासून करू नका, तारखांपासून करा. एक वही घ्या किंवा एक्सेल उघडा आणि मुलाची प्रत्येक फेरी लिहा, कधी निघालं, कधी परत आलं, कुठे होतं, कशासाठी. कॅनडा बाहेर पडताना शिक्का मारत नाही, आणि परत येताना पीआर लोक मशीनवरून आत जातात तेव्हा बऱ्याचदा तिथेही शिक्का नसतो, त्यामुळे आपला आधार म्हणजे मुंबईच्या इमिग्रेशनचे शिक्के. ते भिंग घेऊन वाचायची तयारी ठेवा, शाई फिकट असते आणि एकावर एक मारलेले असतात. त्यात एक बारकी गोष्ट आहे जिच्यावर बरेच जण घसरतात. मुंबईहून फ्लाइट मध्यरात्रीनंतरची असते पण इमिग्रेशन अकरा-साडेअकरालाच होऊन जातं, मग पासपोर्टवर आदल्या दिवसाची तारीख आणि तिकिटावर दुसऱ्या दिवसाची. तिकडून येताना उलट, संध्याकाळी निघालात की मुंबईत उतरता दुसऱ्या दिवशी. मोजायची ती कॅनडा सोडल्याची आणि कॅनडात पाय ठेवल्याची तारीख, मुंबईची नाही, आणि दिवसाचा थोडा भाग जरी कॅनडात गेला असेल तरी तो पूर्ण दिवस कॅनडाचा धरतात. हे शिक्के आणि मेलमधली जुनी ई-तिकिटं समोरासमोर ठेवून जुळवा, मेलमध्ये एअरलाइनचं नाव टाकून शोधलं की बहुतेक सापडतं. जुना पासपोर्ट रद्द झाला असला तरी फेकू नका, मागच्या फेऱ्या त्यातच आहेत. कॅनडाच्या बॉर्डर एजन्सीकडे तुमच्या येण्याच्या नोंदी असतात, २०२० पासून विमानाने बाहेर पडल्याच्याही असतात, तेव्हा अंदाजपंचे तारखा टाकून चालणार नाही. आठवत नसेल तर नोंद मागवता येते.

दिवस जुळले की मग फॉर्म. फॉर्मचा नंबर आयएमएम ५४४४, बरोबर चेकलिस्ट आयएमएम ५६४४, दोन्ही आयआरसीसीच्या म्हणजे तिकडच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवरून त्याच दिवशी नवीन डाउनलोड करा, मैत्रिणीने गेल्या वर्षी वापरलेली पीडीएफ नको, हे लोक फॉर्म बदलत असतात. अर्ज आता ऑनलाइन पोर्टलवरून होतो. प्रत्येक मुलाचा वेगळा अर्ज, जुळी असली तरी वेगळा. फी माणशी ५० कॅनेडियन डॉलर, मुलाला सूट नाही. सही आई, बाबा किंवा कायदेशीर पालक करतात, आणि मूल १४ वर्षांचं किंवा वरचं असेल तर पालकांबरोबर त्याचीही लागते. कार्डची मुदत संपायला ९ महिन्यांहून कमी उरले की अर्ज करता येतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की नववा महिना लागला की त्याच आठवड्यात करून टाकावा, सुट्टीचा प्लॅन असो नसो. प्रोसेसिंगला किती वेळ लागतो हे सतत बदलतं, साइटवर त्या वेळचा आकडा बघा आणि त्याच्यावर थोडे आठवडे धरूनच तिकीट काढा.

फॉर्ममध्ये मुलाचे ५ वर्षांतले पत्ते आणि शाळा विचारतात. इथे बरेच पालक विचार न करता आपलाच पत्ता मुलाला लावून टाकतात. मूल दीड वर्ष गोरेगावला आजीकडे होतं तर त्या दीड वर्षाचा पत्ता गोरेगावचाच लिहायचा, बालवाडीचं नावही लिहायचं. खोटी माहिती दिली असं ठरलं तर ५ वर्षांची बंदी येऊ शकते, आणि कमी पडलेले दिवस माफ होऊ शकतात पण खोटेपणा माफ होणं फार अवघड आहे. आणखी एक, मूल मुंबईत असताना तिकडे त्याच्या नावाने चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलासाठी सरकारकडून मिळणारे पैसे, चालू असेल तर ते आधी सरळ करून घ्या, कारण तो बेनिफिट मूल तुमच्याजवळ राहतंय म्हणून मिळतो, आणि एका सरकारी कागदावर मूल तुमच्याजवळ आणि दुसऱ्यावर मुंबईत असं दिसणं बरं नाही.

कागदांमध्ये मुलाचा जन्मदाखला, ज्यावर आईबाबांची नावं आहेत तो, पासपोर्टच्या कॉप्या, सध्याचं कार्ड, आणि मूल कॅनडात राहतंय याचे पुरावे म्हणजे शाळेचे रिपोर्ट कार्ड, अगदी लहान असेल तर डे-केअरचं पत्र, लसीकरणाची नोंद. लसीकरणाचं कार्ड हा फार चांगला पुरावा आहे, कारण त्यावर तारखा असतात आणि ते बाळाशिवाय होतच नाही, म्हणून डॉक्टरकडून वेळच्या वेळी नोंदी घेऊन ठेवा. जन्मदाखला महापालिकेचा असेल तर हल्ली मराठी आणि इंग्रजी दोन्हीत येतो, त्यामुळे भाषांतराचा प्रश्न नसतो. पण जुना हाताने लिहिलेला फक्त मराठीतला असेल, किंवा गावच्या ग्रामपंचायतीचा असेल, तर इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं आणि ते घरच्या माणसाने केलेलं चालत नाही, आत्या इंग्रजीची प्राध्यापक असली तरी नाही. काही दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, कारण हॉस्पिटलमधून नोंद गेली तेव्हा बारसं व्हायचं होतं! तसं असेल तर ज्या वॉर्डात नोंद आहे तिथे जाऊन नाव चढवून नवा दाखला काढा, आणि हे काम मुंबईत असतानाच करून घ्या, तिकडे बसून ते फार जिकिरीचं होतं. आजोबांना अधिकारपत्र देऊन पाठवायचं झालं तर आधी वॉर्ड ऑफिसात विचारून घ्या काय काय लागतं.

नावाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण आपल्याकडे हमखास घोळ होतो. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव लिहितो. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये 'अन्वी राहुल' असं दोन्ही येतं, पीआर कार्डवरही तसंच येतं, पण तिकडच्या शाळेत ती नुसती अन्वी असते आणि डॉक्टरकडे कधी राहुल हे मिडल नेम होतं, कधी गायब होतं. अर्जात नाव पासपोर्ट आणि आधीच्या पीआर कागदांवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर. बाकीच्या कागदांवर वेगळं दिसत असेल तर दोन ओळींचं पत्र जोडा की ही दोन्ही नावं एकाच मुलीची, राहुल हे वडिलांचं नाव आहे, महाराष्ट्रात मधलं नाव वडिलांचं लावतात. साधं सरळ लिहायचं. आणि स्पेलिंग एका कागदावर डबल ए, दुसऱ्यावर सिंगल असेल तर तेही त्याच पत्रात.

फोटो! यावर अर्ज परत आलेले मी बघितलेत म्हणून नीट वाचा. माप ५० मिलिमीटर रुंद, ७० मिलिमीटर उंच. आपल्याकडचा पासपोर्ट फोटो याहून बराच लहान असतो आणि अमेरिकेच्या व्हिसाचा चौकोनी असतो, दोन्ही चालत नाहीत, आणि स्टुडिओवाला "कॅनडाचा ना, माहितीये" म्हणून व्हिसाचं माप काढून देतो. हनुवटीपासून डोक्याच्या टोकापर्यंत चेहरा ३१ ते ३६ मिलिमीटर, मागे पांढरं, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, हसू नाही. फोटो ६ महिन्यांच्या आतला. एका फोटोच्या मागे मुलाचं नाव, जन्मतारीख, स्टुडिओचं नाव-पत्ता आणि काढल्याची तारीख हवी. ग्लॉसी कागदावर जेलपेनने लिहिलं की लगेच पुसतं आणि खालच्या फोटोच्या चेहऱ्यावर शाई उमटते, म्हणून बारीक परमनंट मार्कर बरोबर न्या, लिहून दोन मिनिटं सुकू द्या आणि फोटो एकावर एक ठेवू नका. ऑनलाइन अर्जाला पुढची-मागची दोन्ही बाजू स्कॅन करून लागतात. बाळ बसत नसेल तर पांढऱ्या चादरीवर निजवून वरून काढता येतो, फक्त आईचा हात, खांदा, बांगडी काही दिसता कामा नये आणि चादरीची सावली कानाजवळ पडू देऊ नका. दोन-तीन वर्षांच्या मुलाला तोंड मिटायला लावणं हे खरं दिव्य, त्याला काही सांगत बसू नका, फोटोवाल्याच्या खांद्यामागे बाबांनी नुसतं गप्प उभं राहायचं, मूल बघत राहतं आणि तेवढ्यात काम होतं. पोट भरलेलं आणि झोप झालेली असताना जा, संध्याकाळी सातला दुकानात गर्दी असते तेव्हा नको.

अर्ज पाठवल्यावर घाईची सोय आहे, अर्जंट प्रोसेसिंग म्हणतात, पण ती पुढच्या ३ महिन्यांत प्रवास करणं भाग असेल तर, आणि कारण गंभीर लागतं, म्हणजे घरातल्याचं मोठं आजारपण, मृत्यू, कामाचा प्रवास, त्याचा पुरावा आणि तिकिटाची माहिती जोडून. मामाचं लग्न, गणपती, मुंज यात बसत नाही. वाईट वाटतं, कारण आपल्यासाठी ती कारणं खरीच मोठी असतात, पण नियम तसा आहे. अर्जंट मागितलं म्हणजे मिळेलच असंही नाही.

आता समजा मूल मुंबईत आहे आणि कार्ड संपलंच. घाबरू नका, पण हातही बांधून बसू नका. यासाठी परमनंट रेसिडेंट ट्रॅव्हल डॉक्युमेंट असतं, लोक त्याला पीआरटीडी म्हणतात. फॉर्म आयएमएम ५५२४, फी तीही ५० डॉलर, अर्ज ऑनलाइन आणि माणूस कॅनडाबाहेर असताना करायचा. मंजूर झालं की पासपोर्ट व्हीएफएसच्या (व्हिसाचे कागद घेणाऱ्या कंपनीच्या) सेंटरमधून पाठवायला सांगतात आणि त्यावर स्टिकर लागून येतो. तो साधारण एकाच प्रवेशासाठी असतो, म्हणजे त्याच्यावर परत गेलात की आधी कार्डचा अर्ज करायचा, पुढच्या सुट्टीची वाट बघायची नाही. फोटोची मापं त्या अर्जाच्या गाइडमधून वेगळी बघून घ्या, कार्डचीच धरू नका. आणि लक्षात ठेवा, पीआरटीडी देतानाही अधिकारी तेच ७३० दिवस मोजतो. मुलाची शाळा तिकडे सप्टेंबरात सुरू होते, त्यामुळे हा अर्ज जूनमध्ये गेला तर जरा निवांत असतं, ऑगस्टमध्ये केला तर रोज मेल उघडून बघायची वेळ येते.

पासपोर्टही संपत आला असेल तर आधी तो करा. लहान मुलाच्या पासपोर्टला दोन्ही पालकांच्या सहीचं अ‍ॅनेक्शर डी लागतं, एका पालकाची सही मिळत नसेल तर अ‍ॅनेक्शर सी. बाबा तिकडे आणि मूल इकडे असेल तर सहीचा कागद कसा आणायचा हे अपॉइंटमेंट घेण्याआधी ठरवा. मुंबईत अंधेरी, मालाड, लोअर परळला पासपोर्ट सेवा केंद्रं आहेत, ठाण्यालाही आहे, जिथली तारीख लवकर मिळेल तिथे जा, घराजवळचंच हवं असा हट्ट नको.

काही जण सांगतात की अमेरिकेला उतरा आणि गाडीने बॉर्डर पार करा, खाजगी गाडीने कार्डशिवायही जाता येतं. जमिनीवरून स्वतःच्या गाडीने गेलं तर एअरलाइनची अट येत नाही हे खरं आहे आणि पीआर माणसाला आत यायचा हक्क आहे हेही खरं. पण त्यासाठी मुलाकडे अमेरिकेचा व्हिसा हवा, आणि बॉर्डरवर दिवसांची चौकशी होऊ शकते. लहान मूल घेऊन हा उद्योग करू नये असं मला मनापासून वाटतं, पीआरटीडीचा रस्ता लांब वाटला तरी सरळ आहे.

दिवसच कमी पडत असतील तर? हा सगळ्यात नाजूक भाग. कायद्यात मानवतेच्या कारणांची तरतूद आहे आणि त्यात मुलाचं हित बघावं असं कायद्यातच लिहिलेलं आहे. मुलाने स्वतः ठरवून कॅनडा सोडलेला नसतो, त्याला मोठ्यांनी नेलं, हे अधिकारी विचारात घेतात. पण ते आपोआप होत नाही, आपण सांगावं लागतं, आणि अर्जाबरोबरच सांगावं लागतं. आईचं ऑपरेशन होतं, एका पालकाची नोकरी गेली, आजोबा अंथरुणाला खिळले होते, बाळाला दम्याचा त्रास होता, जे खरं असेल ते तारखांसकट लिहा आणि हॉस्पिटलचे कागद जोडा. आईबाबा तिकडे आहेत, भावंडं तिकडे आहेत, मुलाला शाळेत घेतलंय, हेही लिहा. नुसतं "फॅमिली रीझन्स" लिहून सोडलं तर कुणाला काय कळणार? बाहेरून केलेला पीआरटीडी नाकारला गेला तर ६० दिवसांत अपील करता येतं, ती मुदत पत्र हातात आल्या दिवशीच कॅलेंडरवर लावा. अशा वेळी मात्र स्वतः करू नका, वकील किंवा लायसन्स असलेला सल्लागार घ्या.

आणि सल्लागार म्हणजे कोण ते बघून घ्या. पैसे घेऊन कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा अधिकार तिथल्या वकिलांना आणि लॉ सोसायटीचे सदस्य असलेल्या पॅरालीगलना, क्वेबेकच्या नोटरींना आणि तिकडच्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सकडे नोंदणी असलेल्यांनाच आहे. स्टेशनबाहेर बोर्ड लावलेला प्रत्येक जण त्यात नसतो. कॉलेजच्या साइटवर नाव टाकून शोधता येतं, पाच मिनिटांचं काम आहे, फी द्यायच्या आधी करा. तुमच्या वतीने कुणी अर्ज करत असेल तर आयएमएम ५४७६ फॉर्मवर त्याचं नाव येतं, "माझं नाव टाकू नका, तुम्हीच केलंय असं दाखवा" असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. मुलाचं पीआर सोडून द्या आणि व्हिजिटर व्हिसावर घेऊन जा, पटकन होईल, असाही सल्ला देतात. सोडून दिलेलं स्टेटस परत मिळवायचं म्हणजे मुलाला नव्याने स्पॉन्सर करणं आलं. त्या कागदावर कुणाच्या घाईने सही करू नका.

मूल एकट्या आईबरोबर किंवा आजीआजोबांबरोबर प्रवास करणार असेल तर दुसऱ्या पालकाचं किंवा दोघांचं संमतीपत्र नोटरी करून बरोबर द्या, त्यात प्रवासाच्या तारखा, बरोबर कोण आहे त्याचं नाव आणि पासपोर्ट नंबर, पालकांचे फोन. बॉर्डरवर विचारतीलच असं नाही, पण विचारलं तर सत्तर वर्षांच्या आजीला इंग्रजीत समजावत बसायला लागू नये. मुलाच्या कार्डचा पुढून-मागून फोटो आजीआजोबांच्या फोनमध्येही असू द्या, कार्ड हरवलंच तर नंबर तरी हाताशी असतो.

नवीन कार्ड आलं की पाकीट फाडल्या फाडल्या नाव, जन्मतारीख आणि मुदत वाचा, एक अक्षर चुकलं असेल तरी तेव्हाच कळवा. जुनं कार्ड मग वापरायचं नाही, दोन्ही एकाच कव्हरमध्ये ठेवलीत तर एअरपोर्टवर नेमकं जुनं हातात येतं.

शेवटचं, ज्या घरात आईबाबांची नागरिकत्वाची तयारी चालू आहे त्यांच्यासाठी. आई किंवा बाबा नागरिक झाले की १८ वर्षांखालच्या पीआर मुलाचा नागरिकत्वाचा अर्ज करता येतो आणि त्यात मुलाला मोठ्यांसारखे कॅनडात १,०९५ दिवस भरायची अट नसते. मूल नागरिक झालं की पीआर कार्डचा विषयच संपतो, मग कॅनडाचा पासपोर्ट, आणि भारतीय पासपोर्ट सरेंडर करून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड. पण नागरिकत्व प्रत्यक्ष मिळेपर्यंत मूल पीआरच असतं आणि मुंबईहून परत जायला त्याला चालू कार्डच लागतं, त्यामुळे "आता सिटिझनशिप होणारच आहे, कशाला ५० डॉलर घालवायचे" असं म्हणून मधल्या काळात कार्ड संपू देऊ नका, त्याच काळात आजीकडे जायची वेळ आली तर पीआरटीडीसाठी मुंबईतच अडकून बसावं लागेल.